भरल्या ट्रॉलीचा चढ

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर-सांगलीकडच्या गॅरेजांत एक तक्रार रोज कानावर येते. "मिस्त्री, गाडी चढाला वडंना झालीया. पंप जरा वाढवून द्या." रिकामा ट्रॅक्टर झकास पळतो, सपाटीला उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्याही नेतो, पण चढ लागला की दम टाकतो. तक्रार सांगणारा उपायही सोबतच घेऊन आलेला असतो. पंप वाढवायचा, म्हणजे डिझेल पंपाचे सील तोडून स्क्रू फिरवायचा आणि इंजिनाला जादा डिझेल पाजायचे. हा उपाय बहुतेक वेळा चुकीच्या जागी केलेला असतो. चढाला गाडी अडण्याची कारणे बरीच आहेत आणि त्यांतली निम्मी इंजिनाच्या बाहेर आहेत. ती कोणत्या क्रमाने तपासायची हे कळले, तर पंपाला हात लावायची वेळ क्वचितच येते.

आधी वजनाचा हिशेब करू. दोन ट्रॉल्यांत मिळून १८ टन ऊस, ट्रॉल्यांचे स्वतःचे साडेचार टन आणि ट्रॅक्टरचे अडीच टन धरले तर एकूण २५ टन होतात. चांगल्या डांबरी, सपाट रस्त्यावर हे धूड चालते ठेवायला वजनाच्या साधारण २ टक्के, म्हणजे ५०० किलो जोर लागतो. तोच रस्ता २० मीटरला एक मीटर चढू लागला की वजनाचा विसावा हिस्सा, १,२५० किलो, त्यात पडतो. ५०० चे १,७५० झाले, साडेतीनपट. २० ला एक हा चढ काही जगावेगळा नाही. भारतीय रस्त्यांच्या मानकांत डोंगराळ भागासाठी ५ टक्के हाच नेहमीचा चढ धरलेला आहे, आणि राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, शाहूवाडी या भागांतल्या गावरस्त्यांवर त्याहून उभे तुकडे जागोजागी भेटतात.

आता ताकद. ५० एचपीच्या इंजिनाची ८० टक्के ताकद चाकांपर्यंत पोचली असे मानले, तर सपाटीला ही गाडी ताशी २१-२२ किलोमीटरने जाईल आणि त्या चढाला ताशी ६ किलोमीटरने. म्हणजे अगदी निरोगी ट्रॅक्टरसुद्धा तिथे भरभर चालणाऱ्या माणसाच्याच चालीने जाणार. हा वेग बघून 'गाडीत दोष आहे' असे ठरवणारे पुष्कळ भेटतात. दोष गाडीत नसतो, हिशेबात असतो. शेजारच्याचा ट्रॅक्टर त्याच चढाला आठने जातो म्हणावे, तर तो १३ टनच भरतो हे कुणी लक्षात घेत नाही. उंचीचाही थोडा वाटा आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद समुद्रसपाटीपासून दर १,००० मीटरला साधारण १० टक्क्यांनी घटते. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे माहितीपत्रकातल्या ५० एचपीतले अडीच-तीन तिथेच गेले.

पण ताकदीच्या आधी संपते ती पकड, आणि या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. मागच्या दोन चाकांवर १,८०० किलो भार असेल, तर कोरड्या डांबरावर टायर त्याच्या ७०-८० टक्के, म्हणजे १,३००-१,४०० किलो जोर धरू शकतात. आपल्याला हवेत १,७५०. इंजिन नवे कोरे असले तरी चाके जागेवर फिरणार, रबर जळल्याचा वास येणार आणि गाडी तसूभर हलणार नाही. इथे पंप वाढवून काय मिळेल? फिरणारी चाके आणखी जोरात फिरतील, इतकेच. इथला इलाज वजनाचा आहे. टायरमध्ये तीन-चतुर्थांश पाणी भरणे आणि मागच्या चाकांना बिडाची वजने लावणे हे स्वस्त आणि खात्रीचे मार्ग आहेत. झिजलेल्या गुळगुळीत टायरवर हंगाम काढू नये. एकच चाक फिरत असेल तर डिफरन्शियल लॉक वापरावा, पण सरळ रस्त्यावरच. वळणावर लॉक लागलेला राहिला तर स्टिअरिंग ऐकत नाही आणि आतल्या दात्यांवर भलताच ताण येतो.

पकडीतूनच आणखी एक, जिवावरचा प्रश्न निघतो. दोन चाकांच्या ट्रॉलीचा काही भार हुकावरून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर बसतो. त्याने पकड वाढते, पण पुढची चाके हलकी होतात. चार चाकांची ट्रॉली आपला भार आपणच पेलते, त्यामुळे ट्रॅक्टरला ती पकड देत नाही. चढाला आधीच वजन मागे सरकलेले असते. अशा वेळी स्टिअरिंग हलके लागू लागले, पुढची चाके रस्त्यावर टेकल्या-न टेकल्यासारखी वाटू लागली, तर तो शेवटचा इशारा समजावा. ट्रॉली ओढण्याची जागा मागच्या अॅक्सलच्या मध्यापेक्षा वर असेल, तर क्लच झटक्यात सोडताच ट्रॅक्टर मागच्या चाकांभोवती फिरून चालकाच्या अंगावर येतो. हे इतक्या झटपट घडते की क्लच पुन्हा दाबायला सवड मिळत नाही. हूक वर घेतला की ट्रॉली 'हलकी' लागते असा एक समज आहे. मागच्या चाकांवर जादा भार येतो हे खरे, पण तो पुढच्या चाकांवरून काढून आणलेला असतो. हूक कंपनीने दिलेल्या खालच्या जागीच हवा आणि पुढे वजनाच्या पाट्या हव्यात.

खरे तर उसाच्या गाडीचा सर्वांत कठीण चढ घाटात नसतो, शेताच्या बांधावर असतो. नदीकाठच्या मळीतून भरलेली गाडी पाणंदीने वर काढायची असते. नुकतेच पाणी दिलेले रान, चाकाखाली दबणारी काळी माती आणि रस्त्याला लागताना आठ मीटरला एक मीटर उठणारी वाट. मऊ वाटेवर नुसते चालायलाच वजनाच्या ६ टक्के आणि त्याहूनही जास्त जोर लागतो, आणि ओल्या मातीत पकड निम्म्यावर येते. आपल्याच २५ टनांचा हिशेब इथे लावला तर साडेचार हजार किलोंच्या वर जोर हवा. एका ट्रॅक्टरच्या आवाक्यातली ही गोष्टच नाही. म्हणून शहाणे चालक एकेक ट्रॉली वर काढतात आणि रस्त्यावर आणून जोडतात, किंवा पुढे दुसऱ्या ट्रॅक्टरचे टोचन लावतात. टोचनाची साखळी ताणलेली असताना आजूबाजूला माणसे उभी राहू देऊ नयेत. तुटलेली साखळी कुणीकडे येईल ते सांगता येत नाही, आणि तोडणीच्या फडात लहान पोरे नेहमी जवळपास असतात.

ट्रॉलीतली अडचण शोधणे सोपे आहे, तरी ती क्वचितच कुणी शोधतो. चार-पाच किलोमीटर जाऊन थांबावे आणि प्रत्येक चाकाच्या हबला हाताची मागची बाजू जवळ न्यावी. एखादाच हब इतरांपेक्षा चटका देत असेल, तर बेअरिंगचे ग्रीस संपले आहे किंवा ब्रेक चिकटला आहे. ट्रॉलीला सहसा जुने, रिमोल्ड केलेले टायर घालतात आणि त्यांत हवा कमी असते. अॅक्सल वाकलेला असेल तर टायर एका बाजूने खाल्लेला दिसतो, म्हणजे तो चाक फिरवण्याबरोबर घासतही आहे. सपाटीला हे सारे खपून जाते.

एवढे पाहून झाल्यावर इंजिनाकडे यावे, आणि झाकण उघडण्यापूर्वी चढावरच गाडीचे नीट निरीक्षण करावे. जाणता मिस्त्री पहिल्यांदा विचारतो, "चढाला आरपीएम पडतो का? आणि धूर कसला मारतो?" या दोन प्रश्नांच्या उत्तरांत निम्मे निदान होते. इंजिनाचा आवाज चढाच राहिला, मीटरचा काटा हलला नाही आणि गाडी मात्र मंदावली, तर ताकद इंजिनापासून चाकापर्यंतच्या वाटेत हरवते आहे. चाके जागेवर फिरत नसतील तर क्लच स्लिप मारतो आहे. जळका वास येतो आणि गाडी थंड झाली की काही वेळ बरी चालते. पॅडलची मोकळी चाल संपलेली असणे, चालकाला पॅडलवर पाय टेकवून चालवायची सवय असणे किंवा क्रँकच्या सीलमधून ऑइल प्लेटवर येणे ही याची नेहमीची कारणे.

आरपीएम पडतो आणि काळा धूर निघतो, तेव्हा डिझेल मिळते आहे पण ते जाळायला हवा पुरत नाही, किंवा वजनच झेपण्यापलीकडचे आहे. आरपीएम पडतो पण धूर जवळजवळ नाही, तेव्हा इंजिन उपाशी आहे. डिझेलच पोचत नाही. या दोन अवस्था चालकाला सारख्याच वाटतात, 'लोड घेत नाही' एवढेच त्याला जाणवते. इलाज मात्र अगदी उलट आहेत. धूर निळा असेल तर ऑइल जळते आहे, रिंगा किंवा टर्बोचा सील पाहावा. पांढरा धूर गरम इंजिनातही टिकत असेल तर नोझल नीट फवारा मारत नाही, टायमिंग चुकले आहे, किंवा सिलिंडरमध्ये पाणी येते आहे.

हवेची बाजू आधी घ्यावी, कारण तिला खर्च नाही. ऊस वाहतुकीत एअर क्लीनर शेतीकामापेक्षा लवकर भरतो. पाणंदीची धूळ आणि पाचटाचा भुगा दिवसरात्र उडत असतो. ऑइल बाथ क्लीनर असेल तर वाटीतले ऑइल चिखलासारखे झाले की बदलावे आणि खुणेपर्यंतच भरावे. कागदी फिल्टर असेल तर जोराची हवा मारून तो फाडू नये. टर्बोचा ट्रॅक्टर असेल तर पाइपचे क्लिप तपासावेत. ढिल्या क्लिपातून हवा निसटते तेव्हा लोडवर शिट्टीसारखा आवाज येतो आणि काळा धूर सुरू होतो. फिल्टर काढून 'तात्पुरती' गाडी चालवणे हा मात्र इंजिनाचा घात आहे. काही दिवसांतच लायनर घासून जातात.

डिझेलच्या बाजूला दोष शोधायला सबुरी लागते. सपाटीला इंजिन थोडे डिझेल घेते आणि अर्धा तुंबलेला फिल्टरही तेवढे पुरवतो. चढाला मागणी पूर्ण होते आणि तिथे तोच फिल्टर तोकडा पडतो. म्हणून 'सपाटीला काहीच नाही, चढालाच होते' या वाक्यावर पहिला संशय फिल्टरवर घ्यावा. त्याआधी टाकीच्या झाकणावर. गाडी चढाच्या मध्यावर मरते, चालक खाली उतरतो, चाकाखाली दगड लावतो, पाच-दहा मिनिटांनी स्टार्टर मारला की गाडी पुन्हा चालू होते आणि पुढच्या चढाला तोच प्रकार. नोझल खोलून झालेले असतात, पंप उतरवून झालेला असतो. दोष झाकणाच्या श्वासाच्या छिद्रात असतो. धूळ आणि डिझेल मिळून ते बुजलेले असते. डिझेल जाते तसतशी टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला ओढ लागत नाही. थांबलेल्या वेळात हवा कुठूनतरी आत झिरपते आणि गाडी जिवंत होते. गाडी मरताक्षणी झाकण सैल करावे. 'फुस्स' करून हवा आत शिरली की निदान झाले. काडीने छिद्र मोकळे केले की काम संपले.

झाकण ठीक असेल तर क्रमाने टाकीच्या तळाचा गाळ, फीड पंपाची जाळी, काचेच्या वाटीतले पाणी आणि मग फिल्टर. ब्लीडिंगचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबत नसतील तर लाइन कुठेतरी हवा धरते आहे, बहुधा बँजोच्या जुन्या वॉशरपाशी. टाकी तळाला गेलेली असताना चढाला डिझेल एका टोकाला सरकते आणि नळीचे तोंड उघडे पडते. अशी गाडी दोषाविनाच अडते.

गरम होण्याचे दुखणे हंगामाच्या उत्तरार्धातले. डिसेंबरच्या थंडीत जो रेडिएटर निभावतो तोच मार्चमध्ये उकळतो. पाचटाचा बारीक भुगा पुढच्या जाळीवर आणि रेडिएटरच्या पाकळ्यांत नमद्यासारखा बसतो आणि पुढून बघणाऱ्याला दिसतही नाही. तो आतून बाहेर पाण्याच्या हलक्या झोताने काढावा लागतो. फॅन बेल्ट ढिला असणे, झाकणाचा रबर मेलेला असणे, बोअरचे क्षाराचे पाणी भरल्याने आत पापुद्रा धरणे ही बाकीची कारणे. थर्मोस्टॅट काढून टाकणे हा आपल्याकडचा लाडका उपाय आहे. त्याने इंजिन थंडीत थंडच राहते, झीज वाढते आणि काही इंजिनांत पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरत राहते. चढाला काटा वर जाऊ लागला तर गिअर खाली घ्यावा आणि आरपीएम वर ठेवावा. पंखा आणि पाण्याचा पंप इंजिनाच्याच गतीने फिरतात. मोठ्या गिअरात इंजिन गुरगुरत ठेवले तर पंखा हळू आणि आग जास्त, असा दोन्हीकडून मार बसतो. थांबल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, दोन-तीन मिनिटे मोकळे चालू द्यावे. उकळत्या रेडिएटरचे झाकण उघडू नये हे सर्वांना ठाऊक असते, तरी दर हंगामात कुणाचा तरी हात भाजतो.

गिअरबद्दल थोडे अधिक. डिझेल इंजिनाचा सर्वांत जास्त ओढा, टॉर्क, कमाल आरपीएमवर नसतो. तो बहुतेक ट्रॅक्टरांत १,२०० ते १,५०० च्या आसपास असतो. लोड येऊन आरपीएम २,००० वरून खाली येतो तसा ओढा वाढतो आणि गाडी सावरते. त्या टप्प्याच्या खाली गेली की ओढा कोसळतो आणि इंजिन बंद पडते. भरल्या ट्रॉल्यांसह चढाच्या मध्यावर क्लच दाबला की गाडी त्याच क्षणी थांबते आणि मागे घरंगळू लागते. म्हणून गिअर चढ सुरू होण्यापूर्वी निवडायचा. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणे म्हणजे प्लेट जाळणे.

आता पंप. वरचे सगळे पाहून झाले, नोझलांचा दाब आणि फवारा तपासला, टॅपेट आणि कॉम्प्रेशन ठीक निघाले आणि तरीही ओढ कमी असेल, तर पंप कॅलिब्रेशनच्या बाकावर न्यावा आणि कंपनीच्या मापावर आणावा. मापावर आणणे आणि मापापलीकडे वाढवणे यांत फार अंतर आहे. हवा तेवढीच असताना डिझेल वाढवले की थोडी ताकद वाढते आणि भरमसाठ काळा धूर निघतो. न जळलेले डिझेल लायनरवरून ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते, पिस्टनचा माथा तापतो. चढावर पूर्ण लोडला अर्धा-पाऊण तास चाललेले असे इंजिन एका हंगामात खोलायला येते. नव्या मोठ्या ट्रॅक्टरांत हा मार्ग बंदच झाला आहे. २०२३ च्या जानेवारीपासून ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ उत्सर्जन मानक लागू झाले आणि कॉमन रेल, सेन्सर आले. तिथे पाणीमिश्रित डिझेल किंवा एक बिघडलेला सेन्सर गाडीची ताकद आपोआप कमी करतो. दिवा लागलेला असेल तर स्कॅनर लावल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. ग्रामीण मिस्त्रींना हे शिकायला मिळत नाही याची मला खरी चिंता वाटते. कारण रात्री दोनला रस्त्यावर तेच येतात, सर्व्हिस सेंटर येत नाही.

ओढण्याविषयी इतके बोलले जाते, पण त्याच रस्त्याला पलीकडे उतार असतो. ज्या २५ टनांना वर न्यायला १,७५० किलो लागले ते उताराला साडेसातशे किलोने खाली ढकलतात, आणि बहुतेक ट्रॉल्यांचे ब्रेक नसतात किंवा जोडलेले नसतात. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडलेली गाडी, किंवा शेतात वळण्यासाठी सुटे ठेवलेले आणि रस्त्यावर न जोडलेले डाव्या-उजव्या ब्रेकचे पॅडल, यांनी ट्रॉली आडवी येऊन ट्रॅक्टर उलटतो. ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचे, हा नियम जुना आहे आणि पुरेसा आहे. वजनाच्या बाबतीत कर्जतहून लोणावळ्याला चढणाऱ्या रेल्वेगाड्यांकडे पाहावे. भोर घाटाचा चढ ३७ ला एक, आपल्या गावरस्त्याच्या जवळजवळ निम्मा. तरी गाडीच्या शेपटीला जादा इंजिने लावली जातात. एका इंजिनाने किती वजन न्यायचे हे तिथे आधी ठरलेले असते, चालकाच्या हिमतीवर सोडलेले नसते.

उसाच्या बाबतीत ते चालकावरच सोडलेले आहे. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. उचल फेडायची असते, टोळी थांबलेली असते, कारखान्यावर नंबरला रात्र जाते. कमी भरून जादा खेप मारावी म्हटले तर ती खेप रांगेतच संपते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. तो भरणारा शेवटी वाहनमालकच. कारखान्याच्या गव्हाणीजवळची रांग कमी झाली, खाली होण्याची वेळ ठरून मिळाली, तर दोन टन कमी भरणे मालकाला परवडेल, आणि निम्म्या गॅरेज-तक्रारी तिथेच मिटतील असे माझे मत आहे.

हंगामाआधी कारखाना वाहनमालकांशी करार करतो. त्याच दिवशी रिकामी ट्रॉली काट्यावर घ्यावी, हूक, पिन आणि सेफ्टी साखळी पाहावी, ट्रॉलीचे ब्रेक जोडून एकदा चालवून बघावेत. गट ऑफिसला कोणत्या फडातून कोणत्या वाटेने ऊस येतो हे माहीत असते. त्या वाटेवरचा सर्वांत उभा तुकडा मोजून, त्या ट्रॅक्टरने तिथून किती टन आणायचे तो आकडा करारातच लिहिता येईल. चंदगडच्या गटाचा आकडा शिरोळच्या सपाटीपेक्षा कमी निघेल, आणि तेवढा फरक वाहतूक दरात धरून द्यावा लागेल.